लेबल छपाईच्या परिषदेला जाताना : नाशिकच्या व्यावसायिकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूर, अंबड, गोंदे आणि सिन्नर या औद्योगिक वसाहतींत स्टिकर लेबल छापणारे छोटे-मोठे छापखाने आहेत. त्यांच्याकडून लेबले घेणारे वाइन उत्पादक, द्राक्ष निर्यातदार, औषधांचे आणि खाद्यपदार्थांचे कारखानेही याच जिल्ह्यात आहेत. उद्योगाची परिषद जवळ आली की या दोन्ही बाजूंकडून साधारण तेच प्रश्न येतात. आयोजकांच्या पत्रकांत आणि यंत्रांच्या जाहिरातींत ज्यांची उत्तरे सहसा सापडत नाहीत, अशा प्रश्नांवर येथे अधिक भर दिला आहे.

परिषद आणि प्रदर्शन यांत फरक काय? आपण कशाला जावे?

प्रदर्शनात यंत्रे प्रत्यक्ष चालताना दिसतात, तर परिषदेत व्याख्याने आणि चर्चासत्रे होतात आणि एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले लोक निवांतपणे बोलू शकतात. आपल्याकडे लेबल उद्योगाचे सर्वांत परिचित प्रदर्शन म्हणजे लेबलएक्स्पो इंडिया. ते २०१८, २०२२ आणि २०२४ या वर्षी ग्रेटर नोएडा येथील इंडिया एक्स्पो मार्टमध्ये भरले होते. लेबल उत्पादकांची देशव्यापी संघटना, एलएमएआय, आपली परिषद स्वतंत्रपणे भरवते. युरोपातील लेबलएक्स्पो अनेक वर्षे ब्रुसेल्सला भरत असे. २०२५ मध्ये ते बार्सिलोनाला गेले.

यंत्र निवडायचे असेल तर प्रदर्शनाला जावे. पुढची काही वर्षे कोणत्या प्रकारचे काम घ्यायचे आणि कोणते सोडायचे, हे ठरवायचे असेल तर परिषदेचा उपयोग अधिक होतो. पुष्कळदा दोन्ही एकाच ठिकाणी असतात. अशा वेळी पहिला दिवस दालने पाहण्यात घालवून दमल्यावर चर्चासत्रात जाऊन बसण्यापेक्षा उलटा क्रम ठेवावा.

कंपन्यांचे प्रतिनिधी नाशिकला आपल्या दारात येतातच. मग एवढा खर्च करून जाण्यात काय अर्थ आहे?

दारात येणारा प्रतिनिधी त्याला जे विकायचे आहे ते दाखवतो. आपल्याला जे सतावते आहे ते त्याच्यासमोर ठेवले, तर त्याच्या कंपनीच्या कक्षेत बसेल तेवढ्याचेच उत्तर मिळते. लेबल बिघडते तेव्हा दोष नेमका कशात आहे, हे एकट्याने ठरवणे कठीण असते. कागदवाला डायकडे (लेबलाचा आकार कापणाऱ्या साच्याकडे) बोट दाखवतो, डायवाला कागदाकडे, शाईवाला शाई वाळवणाऱ्या दिव्यांकडे, आणि शेवटी सगळे मिळून आपल्या ऑपरेटरकडे. परिषदेच्या ठिकाणी हे सगळे एकाच छताखाली असतात. तोच बिघडलेला रोल सकाळी एकाला, दुपारी दुसऱ्याला दाखवता येतो, आणि गरज पडली तर दोघांना एका टेबलाशी उभे करता येते. असे झाले की जबाबदारी झटकायला जागा राहत नाही.

मात्र हा लाभ अडचण सोबत घेऊन येणाऱ्यालाच मिळतो. रिकाम्या हातांनी गेलेला माणूस माहितीपत्रकांची पिशवी भरून परत येतो आणि ती पिशवी वर्षभर कपाटावर पडून राहते. म्हणून या पानावरील बहुतेक उत्तरे तयारीविषयी आहेत.

मग सोबत नेमके काय न्यावे?

ज्या जॉबने सर्वांत जास्त त्रास दिला, त्याच्या छापलेल्या रोलमधील काही मीटर भाग न्यावा. त्याच लॉटचा न छापलेला कच्चा माल आणि रोलवरचा लॉट क्रमांकाचा स्टिकरही घ्यावा. लेबले कापल्यावर त्यांच्याभोवती उरणाऱ्या मालाची जाळी तुटत असेल, तर तुटलेल्या जाळीचा तुकडा जसाच्या तसा जपून ठेवावा. लेबल ज्यावर लागते ती बाटली, पनेट (द्राक्षांचा प्लास्टिकचा छोटा डबा) किंवा कुपी तर घ्यावीच, कारण सपाट काचेवर उत्तम चिकटणारे लेबल लहान व्यासाच्या कुपीवर कडा सोडते आणि ते मोबाइलमधील छायाचित्रावरून कोणालाही नीट कळत नाही.

यासोबत एक कागद असावा. त्यावर मशीनचा वेग, अ‍ॅनिलॉक्सची (शाई मोजून देणाऱ्या रोलरची) लाइन संख्या आणि व्हॉल्यूम, शाईचा प्रकार, डाय कोणत्या मालासाठी बनवला होता, माल गोदामात किती दिवस पडून होता आणि बिघाड झाला तेव्हा पाऊस होता की कडक ऊन, एवढ्या नोंदी असाव्यात. पावसाळ्यात हवेतील दमटपणामुळे कागदी लेबलांचे रोल वळतात, आणि एप्रिलच्या उन्हात गोदामातील रोलच्या कडेने गम बाहेर येतो. काम कोणत्या हंगामात बिघडले, हे ऐकल्यावरच जाणकार माणूस पुढचा प्रश्न योग्य तो विचारतो.

निघण्यापूर्वी एक तपासणी स्वतः करून घ्यावी. लेबल काढून टाकल्यावर उघड्या पडलेल्या ग्लासिन लायनरवर (लेबलामागील गुळगुळीत कागदावर) मार्करची शाई चोळावी आणि लगेच पुसावी. डायने लायनरवरचा सिलिकॉनचा थर कापला असेल, तर त्या रेषेत शाई आत उतरते आणि लायनर उलटा करून पाहिला की लेबलाची चौकट मागून उमटलेली दिसते. अशा ठिकाणी लेबल सुटताना अडखळते आणि पार्टीच्या (आपल्या ग्राहकाच्या) वेगवान लेबलिंग मशीनवर लायनर तुटतो. चारही बाजूंना रेषा सारखी उमटते की एकाच कोपऱ्यात, हे पाहावे. एकाच बाजूला उमटत असेल, तर कागदाला दोष देण्याआधी डाय धरून ठेवणारा मॅग्नेटिक सिलिंडर, डायखाली अडकलेली धूळ आणि दाब यांच्याकडे पाहावे. हा तुकडा मार्करच्या खुणेसह नेला, तर डाय बनवणाऱ्याशी होणारे बोलणे पाच मिनिटांत मुद्द्यावर येते.

मालकाने जावे की ऑपरेटरला पाठवावे?

शक्य असेल तर दोघांनी जावे. एकच जाणार असेल आणि नवीन गुंतवणुकीचा विषय नसेल, तर मशीनवर उभे राहणाऱ्या माणसाला पाठवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जॉब बदलताना किती मीटर माल वाया गेला, कोणती प्लेट वारंवार धुवावी लागते, रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची जुळणी) कोणत्या वेगाला हलते, हे त्याच्या हाताला ठाऊक असते. प्रात्यक्षिक देणाऱ्या तंत्रज्ञाला तो जे विचारतो, ते मालकाला सुचत नाही. अनेक ठिकाणी ऑपरेटरला बाहेर पाठवले तर तो दुसरीकडे नोकरी पाहील, अशी भीती असते. ज्याला शिकायला पाठवले जाते तो माणूस टिकण्याची शक्यता अधिक असते, असाच माझा अनुभव आहे.

नाशिकच्या वाइन लेबलांसाठी परिषदेत काय पाहावे?

सुला विनयार्ड्सची स्थापना १९९९ मध्ये झाली. त्यानंतर या जिल्ह्यात वाइनचा उद्योग वाढला आणि ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. लेबल छापणाऱ्यासाठी हे काम प्रतिष्ठेचे तितकेच जोखमीचे आहे. ग्राहक बाटली उचलतो ती लेबल पाहून, आणि व्हाइट वाइनची बाटली तर बर्फाच्या पाण्यात बुडवूनच त्याच्यासमोर येते. साधा टेक्स्चर्ड कागद अशा पाण्यात राखाडी पडतो, सुरकुततो, आणि त्याच्या कडा सुटतात.

म्हणून वाइनचे कागद दाखवणाऱ्या दालनात फॉइल आणि एम्बॉसिंगची चमक पाहण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. कागदाला वेट-स्ट्रेंग्थ (ओला झाल्यावरही मजबूत राहण्याची) प्रक्रिया केलेली आहे का, आणि कागद व गम यांच्यामध्ये पाणी अडवणारा थर आहे का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न गमचा. लेबल लावताना बाटली कोरडी असते की तिच्यावर दव धरलेले असते? थंड वाइन भरल्यावर लगेच लेबल लावले जात असेल, तर काचेवर ओलावा असतो. ओल्या काचेवर पकड घेणारा गम आणि लेबल लागल्यानंतर पाण्यात टिकणारा गम हे दोन वेगळे गुण आहेत. बर्फाच्या पाण्यातील चाचणी किती तासांची होती आणि लेबल लावल्यानंतर किती वेळाने बाटली बुडवली होती, हा तिसरा प्रश्न. गमला पूर्ण पकड यायला साधारण एक दिवस लागतो, त्यामुळे लावल्यावर तासाभराने आणि चोवीस तासांनी केलेल्या चाचण्यांचे निकाल वेगवेगळे येतात.

येथे परतल्यावर ही चाचणी कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय करता येते. वायनरीकडून चार रिकाम्या बाटल्या आणाव्यात, दोन कोरड्या आणि दोन फ्रिजमधून काढून दव धरलेल्या अवस्थेत लेबल लावाव्यात, आणि दुसऱ्या दिवशी बर्फाच्या बादलीत ठेवून दर अर्ध्या तासाने कडा अंगठ्याने दाबून पाहाव्यात. अंगठ्याखाली लेबल सरकले, तर तो कागद किंवा तो गम त्या वाइनसाठी नाही.

मागच्या लेबलाचा विचारही याच वेळी करावा. मद्यावरील आरोग्यविषयक इशारा एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमांनुसार १ एप्रिल २०१९ पासून बंधनकारक आहे. टेक्स्चर्ड कागदावर बारीक अक्षरे फुटतात, हे डिझायनरला पडद्यावर दिसत नाही. त्या आकारातील देवनागरी आणि इंग्रजी मजकूर त्याच कागदावर छापून दाखवा, अशी मागणी दालनातच करावी.

द्राक्षांच्या पनेटवरील लेबले शीतगृहात सुटतात. त्यावर तेथे उपाय मिळेल का?

मिळतो. त्यासाठी प्रश्न अचूक विचारावा लागतो. गमच्या माहितीपत्रकावर दोन तापमाने लिहिलेली असतात. लेबल लावण्यासाठीचे किमान तापमान हे एक, आणि लावल्यानंतर ते टिकून राहील अशी तापमानाची मर्यादा हे दुसरे. बहुतेक गैरसमज या दोन आकड्यांची गल्लत केल्यामुळे होतात. ‘उणे वीसपर्यंत चालतो’ असे सांगितलेला गम दहा अंशांखाली लावायला मुळीच योग्य नसू शकतो. खोलीच्या तापमानाला लावून एक दिवस स्थिरावू दिलेले लेबल नंतर थंडीत टिकते, पण थंड आणि दमट पनेटवर लावलेले तेच लेबल प्रवासात गळून पडते.

पिंपळगाव, निफाड, दिंडोरी या भागांतील पॅकहाउसमध्ये लेबल कोणत्या टप्प्यावर लागते, हे आधी तेथे उभे राहून पाहावे. पॅकिंग हॉलमध्ये प्रीकूलिंगच्या (माल झटपट गार करण्याच्या) आधी लागते की शीतगृहातून पेट्या बाहेर काढल्यावर आधीच्याऐवजी नवे म्हणून लागते? पनेट कोणत्या प्लास्टिकचे आहे, झाकण गुळगुळीत आहे की छिद्रांचे, त्यावर दव आहे का? द्राक्षे शून्य ते एक अंशाच्या आसपास ठेवली जातात आणि युरोपला जाणारा माल समुद्रमार्गे काही आठवडे प्रवासात असतो. पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारे पॅड असते. त्या वायूत आणि दमटपणात रंग व थर्मल छपाई टिकते का, हाही प्रश्न कागदवाल्याला आणि रिबनवाल्याला (थर्मल छपाईची फीत विकणाऱ्याला) स्वतंत्रपणे विचारावा. कृषी निर्यातीसाठीच्या अपेडा या सरकारी संस्थेची ग्रेपनेट प्रणाली २००६ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून निर्यातीच्या द्राक्षांचा माग थेट बागेपर्यंत काढता येतो. तो माग जोडणारा क्रमांकच वाचता आला नाही, तर नुकसान फक्त लेबलाच्या किमतीपुरते राहत नाही.

लेबलएक्स्पो इंडियाची २०२२ आणि २०२४ ची दोन्ही प्रदर्शने नोव्हेंबरात झाली, आणि नाशिकसाठी हा महिना सोयीचा आहे. तोवर द्राक्षांची गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) झालेली असते आणि निर्यातीचा हंगाम सुरू व्हायला काही आठवडे उरलेले असतात. तेथे मिळालेले नमुना रोल डिसेंबरात पॅकहाउसमध्ये लावून पाहता येतात. जानेवारीत काम सुरू झाल्यावर प्रयोगाला कोणाला सवड नसते.

औषधांच्या लेबलांबाबत कोणत्या चर्चासत्रांना बसावे?

औषध नियमांच्या एच-टू या अनुसूचीतील ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड असणे १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक झाले. त्या कोडमध्ये उत्पादनाचा ओळख क्रमांक, औषधाचे मूळ व व्यापारी नाव, उत्पादकाचा पत्ता, बॅच, उत्पादनाची व मुदतीची तारीख आणि परवाना क्रमांक असतो. बॅच बदलली की कोड बदलतो. त्यामुळे छपाईसोबत माहितीचा हिशेब ठेवणेही आपल्याकडे येते. कॅमेऱ्याने प्रत्येक लेबल तपासणे, खराब लेबल रोलमधून काढणे आणि छापलेली, नाकारलेली, पाठवलेली लेबले यांचा मेळ घालणे, या विषयांची सत्रे चुकवू नयेत. बनावट माल ओळखण्याच्या लेबलांवरही बहुतेक परिषदांत एखादे सत्र असते. नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमुळे सुरक्षित छपाई हा विषय या शहराला नवा नाही. आपल्या आवाक्यातील उपाय म्हणजे काढताच फाटणारे विनाइल, ‘व्हॉइड’ असे उमटणारी फिल्म आणि सूक्ष्म अक्षरे.

डिजिटल मशीन (प्लेटशिवाय थेट संगणकावरून छापणारे) घेण्याची वेळ आली आहे का?

हे दालनात ठरवू नये, आपल्या जॉब-कार्डांवरून घरी ठरवून जावे. उदाहरणादाखल हिशेब पाहू. १०० मिलिमीटर रुंद आणि ७५ मिलिमीटर उंच लेबल, शेजारी शेजारी दोन, मध्ये ३ मिलिमीटर अंतर आणि दोन्ही कडांना ५ मिलिमीटर जागा, असे धरले तर रोलची रुंदी २१३ मिलिमीटर होते. उभे अंतरही ३ मिलिमीटर ठेवले, तर प्रत्येक ओळीला ७८ मिलिमीटर लांबी लागते. मालाचा सुमारे ९० टक्के भाग लेबलात जातो, उरलेला जाळीत. १०,००० लेबलांना ३९० मीटर माल पुरतो. आता हा जॉब लावताना रंग आणि रजिस्टर जुळवण्यात १०० मीटर गेले, तर जॉबच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त माल केवळ या जुळवाजुळवीत, म्हणजे मेक-रेडीत, गेला. तीच १०० मीटर पाच लाख लेबलांच्या जॉबवर धरली, तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतात.

आपल्या मागच्या सहा महिन्यांच्या जॉबना हाच हिशेब लावावा. वायनरीची राखीव बाटल्यांची छोटी मालिका, औषध कंपनीचे अनेक भाषांतील निर्यात लेबल, मसाल्याचे दहा प्रकार आणि प्रत्येकाची थोडी लेबले, असे काम बरेच असेल, तर डिजिटलचे गणित जुळू शकते. मोठ्या एकसारख्या ऑर्डरी असतील, तर फ्लेक्सोवरचा (प्लेटने छापणाऱ्या मशीनवरचा) मेक-रेडीचा अपव्यय कमी करणे जास्त फायद्याचे ठरते आणि त्याला यंत्राइतका खर्चही लागत नाही.

दालनात उभे राहून दर लेबलामागील शाईचा किंवा क्लिकचा (प्रत्येक छापामागे यंत्र कंपनी घेते त्या शुल्काचा) खर्च लेखी मागावा, आणि तो आपल्या डिझाइनवर काढून मागावा. त्यांच्या नमुन्याच्या डिझाइनवर काढलेला आकडा घेऊ नये. पांढऱ्या शाईचा थर किती वेळा द्यावा लागेल, प्रायमर (शाई धरण्यासाठी आधी देण्याचा लेप) लागेल का, आणि छापून झाल्यावर कटिंग व वार्निश कोणत्या मशीनवर होणार, हेही विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर न मिळालेले पुष्कळ छापखाने डिजिटल मशीन घेऊन फिनिशिंगपाशी अडकलेले मी पाहिले आहेत.

शाई वाळवणाऱ्या एलईडी यूव्ही दिव्यांविषयी सगळीकडे बोलले जाते. जुने दिवे लगेच बदलावेत का?

लगेच नव्हे, पण माहिती आताच घ्यावी. पाऱ्याच्या दिव्यांना तापायला वेळ लागतो, ते उष्णता आणि ओझोन निर्माण करतात, आणि पाऱ्याच्या वापरावरील मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली आहे. एलईडी दिवे लावताच चालू होतात आणि पातळ फिल्म तापून आकसत नाही. मात्र ते बहुधा ३८५ किंवा ३९५ नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यात प्रकाश देतात, म्हणून शाया आणि वार्निश त्याच पट्ट्यासाठी बनवलेले लागतात. स्वतःच्या शाईवाल्याला विचारल्याशिवाय दिव्यांचा सौदा करू नये.

एफटीएम हे शब्द सारखे कानावर पडतात. त्यांचा अर्थ काय?

युरोपातील फिनाट या संघटनेने ठरवलेल्या चाचणी पद्धतींना एफटीएम म्हणतात. एफटीएम १ मध्ये लेबल १८० अंशांत, मिनिटाला ३०० मिलिमीटर वेगाने ओढून गमची पकड मोजतात. एफटीएम २ मध्ये तेच ९० अंशांत मोजतात. एफटीएम ३ मध्ये लायनरपासून लेबल सुटायला लागणारे बळ कमी वेगाला मोजतात आणि एफटीएम ४ मध्ये जास्त वेगाला. एफटीएम ८ वजनाखाली लेबल किती वेळ सरकत नाही ते सांगते आणि एफटीएम ९ पहिल्या स्पर्शातील चिकटपणा मोजते. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवताना दोन्ही एकाच पद्धतीचे आहेत ना, आणि एकच पृष्ठभाग वापरला आहे ना, एवढे पाहिले तरी अर्धा गोंधळ मिटतो. चाचणी काचेवर झाली असेल आणि आपले काम पॉलिथिलीनच्या बाटलीवर असेल, तर तो आकडा आपल्या कामाचा नाही. फिल्मवर छपाई असेल, तर तिचा पृष्ठताण (शाई धरण्याची तयारी) ३८ डाइनच्या आसपास किंवा वर आहे का, हे डाइन पेनने स्वतः तपासावे.

बारकोडच्या जागी चौकोनी कोड येणार, हे खरे आहे का?

बारकोडची मानके ठरवणाऱ्या जीएस१ या संस्थेच्या पुढाकाराने २०२७ च्या अखेरपर्यंत जगभरातील दुकानांच्या बिलिंग काउंटरवर द्विमितीय कोड वाचता यावेत, असे उद्दिष्ट आहे. आपला नेहमीचा ईएएन-१३ बारकोड त्यामुळे एका दिवसात नाहीसा होणार नाही, काही काळ दोन्ही सोबत राहतील. छापणाऱ्याने आता आपल्या मशीनवर तो कोड किती बारीक आणि किती स्वच्छ येतो, हे तपासून घ्यावे. रेषांच्या बारकोडची प्रत आयएसओ १५४१६ ने ठरते आणि द्विमितीय कोडची १५४१५ ने. दालनातील व्हेरिफायरवर (कोडची प्रत मोजणाऱ्या यंत्रावर) आपल्या रोलमधील लेबल तपासून त्याची श्रेणी घ्यावी.

खाद्यपदार्थांच्या लेबलांवरील शाईबाबत नियम काय आहे?

एफएसएसएआयच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार खाद्यपदार्थांच्या आवरणावरील छपाईची शाई आयएस १५४९५ या मानकाला धरून असावी लागते. लेबल डब्याच्या बाहेर असते म्हणून शाईचा पदार्थाशी संबंध येत नाही, हा समज धोक्याचा आहे. २००५ मध्ये इटलीत लहान मुलांच्या दुधात आयटीएक्स हे यूव्ही शाईतील रसायन आढळले आणि माल बाजारातून काढावा लागला. छापलेली बाजू रोलमध्ये किंवा थप्पीत दुसऱ्या पृष्ठभागाला टेकते, आणि शाई पूर्ण वाळली नसेल तर तिचे घटक पुढे सरकतात. खाद्यपदार्थांचे काम करणाऱ्यांनी लो-मायग्रेशन (पदार्थात कमी उतरणाऱ्या) शाईचे सत्र अवश्य ऐकावे आणि शाईवाल्याकडून घटकांविषयीचे लेखी निवेदन मागून घ्यावे. मजकूर काय असावा, हे २०२० चे लेबलिंग नियम आणि २०११ चे वैधमापन नियम ठरवतात. ती जबाबदारी पार्टीची असली, तरी चूक छापण्यापूर्वी आपल्या नजरेस आली तर सांगणे हे चांगल्या छापखान्याचे लक्षण आहे.

लायनरच्या कचऱ्याचे काय?

लेबल लागले की लायनर पार्टीच्या कारखान्यात उरतो. त्यावर सिलिकॉन असल्यामुळे नेहमीचा रद्दीवाला तो घेत नाही. ग्लासिन आणि पॉलिएस्टर लायनर वेगवेगळे साठवले तर पुनर्वापर करणाऱ्यांना ते चालतात, एकत्र केले तर दोन्ही वाया जातात. एकट्या छापखान्याचा माल गाडीभर होत नाही. म्हणून नाशिकच्या चार-सहा जणांनी मिळून साठवण करावी आणि परिषदेत संकलन करणाऱ्यांशी एकत्रच बोलावे, असे सुचवावेसे वाटते.

इंग्रजी सहज येत नसेल तर अडचण होईल का?

व्याख्याने इंग्रजीत असतात, दालनातील तंत्रज्ञ बहुधा हिंदीत बोलतात, आणि पुण्या-मुंबईचे पुष्कळ लोक मराठीतच बोलतात. हातात रोल असेल तर भाषेची अडचण फारशी जाणवत नाही. व्याख्यानाचे आकृत्यांचे पान मोबाइलवर टिपून घेऊन नंतर विचारावे.

ग्रेटर नोएडाला जाण्याची सोय काय?

नाशिक रोडहून पंजाब मेल आणि मंगला एक्स्प्रेस दिल्लीकडे जातात. ओझर विमानतळावरून विमानाचाही पर्याय आहे. दिल्लीहून मेट्रोच्या ब्लू लाइनने नोएडा सेक्टर ५२, तेथून पायी सेक्टर ५१ आणि पुढे अ‍ॅक्वा लाइनने नॉलेज पार्क दोन, असे गेल्यास स्थळ जवळ पडते. विमानाने जाताना ब्लेड आणि कटर हातातील बॅगेत ठेवू नयेत. शाईचे आणि सॉल्व्हंटचे नमुने तर नेऊच नयेत.

दालनात सवलत जाहीर होते. तेथेच सौदा करावा का?

टोकन देण्याआधी आपला रोल त्या मशीनवर चालवून पाहावा. प्रात्यक्षिकासाठी निवडलेला माल सुरळीत चालतोच. सुटे भाग कोठे साठवलेले आहेत, नाशिकला तंत्रज्ञ किती तासांत पोहोचतो आणि जवळपास हे मशीन कोणाकडे चालू आहे, या प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत, आणि तो चालू छापखाना जाऊन पाहावा. खरी सवलत घरी विचार करून आल्यावरही मिळते.

आपल्या ग्राहकाला सोबत न्यावे का?

वायनरीच्या किंवा पॅकहाउसच्या खरेदी अधिकाऱ्याला नेल्यास तो दुसऱ्या छापखान्यांना भेटेल, ही शंका रास्त आहे. तरीही न्यावे. स्वस्त गम आणि योग्य गम यांतील फरक त्याने स्वतः पाहिला, तर पुढच्या दरपत्रकाच्या वेळी आपल्याला तो पटवून द्यावा लागत नाही. निदान त्याच्या लेबलिंग लाइनवरील तंत्रज्ञाला तरी न्यावे, कारण रोल कोणत्या दिशेने गुंडाळलेला हवा, कोअर (रोलच्या आतील नळी) किती आणि लायनर किती ताणला जातो, हे त्यालाच माहीत असते.

परतल्यावर पहिल्या आठवड्यात काय करावे?

ज्यांनी नमुना रोल कबूल केले आहेत त्यांना लॉट क्रमांकासह पत्र पाठवावे, कारण प्रदर्शनानंतर प्रत्येक कंपनीकडे अशा विनंत्यांची रांग लागते. ऑपरेटरने पाहिलेले दोन बदल, मग ते अ‍ॅनिलॉक्स धुण्याच्या पद्धतीतील असोत की डायच्या दाबातील, नव्या खरेदीची वाट न पाहता चालू मशीनवर करून पाहावेत. मेक-रेडीत जाणारे मीटर त्या आठवड्यापासून प्रत्येक जॉब-कार्डावर लिहायला सुरुवात करावी, म्हणजे पुढच्या परिषदेला निघताना कोणता रोल पिशवीत घालायचा, हे त्या कार्डांवरून ठरवता येते.